पाखडलेला नमुना

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
४ नोव्हेंबर २०१०

ताई,
तुला आणि घरच्या सगळ्यांना जय भीम.

उद्या दिवाळी. कॉलनीत आजपासूनच फटाक्यांचा धडाका सुरू झालाय, म्हणून खिडक्या बंद करून लिहायला बसलो. फोन केला असता, पण फोनवर तुला माझं अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू ऐकून घेत नाहीस. त्यापेक्षा पत्र बरं.

कुमुद रोज विचारते, ताईंचं पोतं निघालं का? मी दिल्लीत आलो त्याला एकतीस वर्षं झाली. या एकतीस वर्षांत दिवाळीच्या आत नव्या ज्वारीचं पोतं आलं नाही असं कधी झालं नव्हतं. ट्रान्सपोर्टवाल्याकडे दोनदा जाऊन आलो. तो म्हणाला, "बाबूजी, महाराष्ट्र से कुछ नहीं आया." विसरलीस की रागावलीस?

इकडची खबर म्हणजे आपल्या श्रावस्तीने गुडगावला फ्लॅट घेतला. सतराव्या मजल्यावर. खाली बघितलं तर गाड्या काडेपेटीएवढ्या दिसतात. दहा वर्षांपूर्वी तिथे मोहरीची शेतं होती म्हणे. आता मॉल आहे, त्यात पीठसुद्धा एसीत ठेवतात.

आणि हो, गेल्या आठवड्यात आमच्या खात्याने एका मोठ्या हॉटेलात परिषद घेतली. विषय होता हवामानबदल आणि शहरांचा अन्नपुरवठा. धान्याच्या दर्जाचे निकष आमचं सेक्शन बघतं, म्हणून मलाही बोलावलं होतं. परदेशी पाहुण्यांनी पडद्यावर आकडे दाखवले, २०५० साली पाऊस कसा वेडावाकडा होईल ते. दुपारच्या जेवणात ज्वारीच्या छोट्या टिकल्या होत्या, वर चीज. मला तुझी फार आठवण आली.

पोतं पाठव.
तुझा
वाल्मीक

·

सावरखेडा
१२ नोव्हेंबर २०१०

चि. वाल्मीक,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

पोतं येणार नाही. विसरले नाही. रागावले मात्र आहे, आणि तुझं पत्र वाचून जास्तच रागावले.

२०५० कशाला, ते आमच्याकडे परवाच होऊन गेलं. मी दीक्षाभूमीवरून परत आले तेव्हा ज्वारी कापून शेतात आडवी पडली होती. ऊन कडक होतं. दोन दिवसांत कणसं खुडून खळ्यावर आणायची, एवढंच बाकी होतं. तेवढ्यात पाऊस आला. एक सर नाही, पाच दिवस. दसरा उलटून गेल्यावर पाच दिवस! कणसं जागच्या जागी काळी पडली, काहींना तर मोड आले. गेल्या सहा वर्षांत कापणीत पाऊस यायची ही चौथी वेळ. कधी पेरणीला दडी मारतो, कधी कापणीला येऊन बसतो. अंगणवाडीत होते तेव्हापासूनची सवय, मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पावसाची खूण करते. यंदा दसऱ्यानंतरच्या चौकटींतही खुणा आहेत.

तरी आम्ही वाळवली, मळली. आपल्या वस्तीतल्या चौदा घरांनी मिळून ट्रॅक्टर केला आणि सरकारी खरेदी केंद्रावर गेलो. तिथल्या ग्रेडरने एक मूठ घेतली, तळहातावर पसरली आणि म्हणाला, "काळी हाय. न्या वापस." वजनसुद्धा केलं नाही. मी म्हटलं, बाबा, आतून पांढरी आहे, आम्ही धुऊन वाळवून खातोच आहोत. तर म्हणे, "निकषात बसत नाही. निकष दिल्लीहून येतात."

दिल्लीहून! ऐकून माझं डोकंच फिरलं. माझा भाऊ तिथे बसून ज्वारीच्या टिकल्या खातो आणि इथे त्याच्याच कागदाने त्याच्या बहिणीचा ट्रॅक्टर माघारी फिरतो. फाटकाबाहेर मुरलीधर व्यापारी उभाच होता, जणू त्याला आधीच ठाऊक होतं. अर्ध्या भावाने उचलतो म्हणाला. कोंबड्यांच्या खाद्याला नाहीतर दारूला.

केंद्र ३१ जानेवारीला बंद होतं. तोवर आमची ज्वारी घेतली नाही तर पुढच्या वर्षी या चौदा घरांत कुणी ज्वारी पेरणार नाही. सगळे सोयाबीनचं बोलायला लागलेत. आईच्या हातचं बी आहे माझ्याकडे, ते मी कुणासाठी राखू? तूच सांग. आणि तुझ्या साहेबांना विचार, पाऊस आला तो आमची परवानगी घेऊन आला होता का?

ताई

·

लक्ष्मीबाई नगर
२२ नोव्हेंबर २०१०

ताई,
जय भीम.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन फाइल मागवली. चीड तुझ्याएवढीच मलाही आली. तुमच्या बाजूचा अहवाल एका पानाचा आहे. त्यात लिहिलंय, 'नुकसान नगण्य.' खाली तारीख बघितली तर पाऊस पडायच्या चार दिवस आधीची! मी साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "वाल्मीकजी, टाइपिंग मिस्टेक होगी." चलो, ठीक आहे. इथे भांडून काही होत नाही, कागदावर कागद ठेवावा लागतो.

एक रस्ता आहे. पावसाने माल खराब झाला हे दिसलं तर निकष काही काळासाठी सैल करता येतात. आधी इकडून पथक जातं, मग हुकूम निघतो. पण पथक पाठवायला साहेबांसमोर काहीतरी ठेवायला हवं. तेव्हा तू एक किलोचा नमुना पाठव. चार-पाच घरांच्या ज्वारीतून मिळून घे. नवी कापडी पिशवी, तोंड शिवलेलं, लाखेचं सील, वर सरपंच तात्यारावांची सही आणि शिक्का. रजिस्टर पार्सल, माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर. मी पिशवी उघडणार नाही, सील न तोडता सरळ लॅबमध्ये देणार. पाठवणारा म्हणून फक्त तात्यारावांचं नाव घाल, तुझं कुठेही नको. उद्या कुणी म्हणायला नको की सेक्शन ऑफिसरने बहिणीसाठी फाइल हलवली. माझं प्रमोशन जानेवारीच्या यादीत आहे आणि रिटायरमेंटआधीची ही शेवटचीच यादी.

साहेबांच्या टेबलावर जायचंय, तेव्हा गबाळं काही नको. १० डिसेंबरच्या आत पोचलं पाहिजे.

वाल्मीक

·

सावरखेडा
१ डिसेंबर २०१०

चि. वाल्मीक,
आशीर्वाद.

पार्सल आज रजिस्टर केलं. पावती जपून ठेवली आहे. पिशवी मी स्वतः शिवली, मांजरपाटाची, दुहेरी टाक्याची. लाख मिळेना, तेव्हा तात्याराव शाळेतून घेऊन आले. शिक्का तीनदा मारला, कारण पहिले दोन पुसट उठले.

पाच घरांची ज्वारी घेतली, तू म्हणालास तशी. वाल्मीकच्या ऑफिसात जायची म्हटल्यावर वस्तीत कोण उत्साह! चार बायका दोन दिवस माझ्या अंगणात ठाण मांडून बसल्या होत्या. विठ्ठलची आई तर चष्मा नातवाकडून पुसून घेऊन आली. ती म्हणाली, "दिल्लीले जाचं हाय बाई, साहेब लोकं पाह्यतीन." तुला मान खाली घालावी लागेल असं काही आम्ही पाठवलेलं नाही, एवढं खात्रीने सांगते.

तू फाइल मागवलीस हे वाचून मला फार बरं वाटलं. मागच्या पत्रात टोचून लिहिलं ते मनावर घेऊ नकोस. कुमुदला सांग, केंद्राने ज्वारी घेतली की पोतं लगेच निघेल.

ताई

·

लक्ष्मीबाई नगर
१८ डिसेंबर २०१०

ताई,

काय केलंत तुम्ही लोकांनी हे?

लॅबचा रिपोर्ट काल आला. शंभर दाण्यांत दोन काळे. दोन! निकषाच्याही आत. इतका स्वच्छ नमुना या सीझनमध्ये देशातून कुठूनही आला नसेल. साहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बशीत ओतून दाखवला आणि म्हणाले, "वाल्मीकजी, ये तो मोती हैं. इसमें रिलैक्सेशन किस बात का?" सगळे हसले. मी महिनाभर ज्यांच्या मागे लागलो होतो तेही हसले. मी तिथे येड्यासारखा उभा. फाइलवर 'कार्यवाहीची आवश्यकता नाही' असा शेरा पडला आणि ती बंद झाली. वर माझ्याच सेक्शनच्या कागदाने सिद्ध झालं की तुमच्याकडे काही नुकसानच झालेलं नाही. आता तो तारीख चुकलेला अहवाल खरा आणि मी खोटा.

तात्यारावांनी गेल्या वर्षीच्या कणगीतली ज्वारी भरली का? की काळी ज्वारी ही गोष्टच मुळात केंद्रावाल्याशी भांडण झालं म्हणून रचलेली? तू एवढी शिकलेली, तीस वर्षं अंगणवाडी चालवलेली बाई. तुला कळू नये, नमुना म्हणजे काय? मी इथे स्वतःची इज्जत पणाला लावली होती. यापुढे मला काही सांगू नकोस.

वाल्मीक

·

सावरखेडा
२५ डिसेंबर २०१०

वाल्मीक,

आज मनुस्मृती दहन दिन. सकाळी विहारात जाऊन आले आणि मग लिहायला बसले, नाहीतर आणखी वाईट लिहिलं असतं.

ज्वारी याच वर्षीची होती आणि त्याच पोत्यांतली होती. आम्ही ती निवडली. पाखडली, निवडली, पुन्हा पाखडली. अडीच किलो घेऊन बसलो तेव्हा कुठे एक किलो धड निघाली. एकेक काळा दाणा वेचून काढला. चार बायका, दोन दिवस. तू लिहिलं होतंस, साहेबांच्या टेबलावर जायचंय, गबाळं नको.

तू विचारतोस, नमुना म्हणजे काय कळू नये? तुला काही आठवतं का ते मी विचारते. तू सातवीत होतास. तालुक्याच्या बोर्डिंगात मेसची फी म्हणून घरून धान्य जमा करायचं असायचं. मी आणि बाप पायलीभर ज्वारी डोक्यावर घेऊन सहा कोस चालत आलो. त्या मेसच्या कारकुनाने सगळ्या पोरांची ज्वारी घेतली. आपली मात्र सुपात ओतून बोटाने ढवळली, हात झटकला आणि म्हणाला, "तुमच्या लोकांचं असंच. गुरांना घाला." धान्यात काही नव्हतं रे. चार खडे असतील, ते सगळ्यांच्याच ज्वारीत होते. तू खाली मान घालून उभा होतास, अंगठ्याने जमीन उकरत. मी त्या दिवशी ठरवलं की आपल्या घरातून बाहेर जाणाऱ्या दाण्याला कुणी नाव ठेवणार नाही.

चाळीस वर्षं तू जी भाकरी खातोस ती अशी निवडलेली आहे. दर वर्षी पोतं भरायच्या आधी मी आठ दिवस सुपापुढे बसते. तुला वाटलं असेल ज्वारी शेतातूनच अशी येते. कधी एक खडा लागला का दाताला?

आणि तू मला म्हणतोस, काळी ज्वारी ही रचलेली गोष्ट. तुझ्या ऑफिसात घाणेरडं धान्य पाठवायचं हे मला जमलं नसतं, आणि आपल्या वस्तीतल्या एकाही बाईला जमलं नसतं. 'जशी आहे तशी पाठव, निवडू नकोस' हे सहा शब्द तू लिहायला हवे होतेस. तू सील लिहिलंस, शिक्का लिहिलास, माझं नाव नको हेही आठवणीने लिहिलंस. हे नाही लिहिलंस. आपल्या घरचा असूनही तुला हे सुचलं नाही, याचा मला जास्त राग आहे.

वेचून काढलेले काळे दाणे मी कोंबड्यांना टाकणार होते, पण जीव झाला नाही, ठेवून दिले. दीड किलो आहेत. ते या पत्रासोबत पार्सलने पाठवते आहे. सील नाही, शिक्का नाही. पाठवणाऱ्याच्या जागी माझं पूर्ण नाव घातलं आहे.

रमाबाई

·

लक्ष्मीबाई नगर
६ जानेवारी २०११

ताई,
जय भीम.

पिशवी मिळाली. बंद झालेली फाइल नियमाप्रमाणे परत उघडता येत नाही. यापुढे या विषयावर ऑफिसच्या पत्त्यावर काहीही पाठवू नकोस, फोनही करू नकोस. घरच्या पत्त्यावरही सध्या नको.

तब्येतीला जप.
वाल्मीक

·

सावरखेडा
१४ जानेवारी २०११

वाल्मीक,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. बोर्डिंगातल्या त्या कारकुनाने निदान सूप ढवळून तरी बघितलं होतं.

मुरलीधर काल टेम्पो घेऊन आला होता. नऊ घरांनी ज्वारी दिली. मी थांबवलं नाही, कोणत्या तोंडाने थांबवणार होते? माझ्यासकट पाच घरं राहिली आहेत. तात्यारावांना सांगून टाकलं, पुढच्या हंगामात माझ्या शेतातही सोयाबीन. पोत्याची वाट बघू नकोस. पत्राचीही बघू नकोस.

रमाबाई

·

सेक्टर ५४, गुडगाव
२३ जानेवारी २०११

प्रिय आत्या,
जय भीम.

माझं मराठी बघून हसू नकोस. शाळेत सगळं हिंदी-इंग्लिशच होतं. हे पत्र पप्पांना न सांगता लिहिते आहे, प्लीज त्यांना सांगू नकोस. किंवा सांग, आता मला फर्क पडत नाही.

तुझं शेवटचं पत्र मम्मीने मला फोनवर वाचून दाखवलं. पप्पा ते वाचून गच्चीवर जाऊन बसले होते. त्यांनी तुला जे चार ओळींचं पत्र पाठवलं ना, त्याच्या दोन दिवस आधी मी घरी होते. डायनिंग टेबलवर पेपर पसरून त्यांनी तुझे काळे दाणे ओतले होते. मी म्हटलं, पप्पा ये क्या है? ते म्हणाले, ताईचं उत्तर आहे. मग त्यांनी कागद घेतला आणि ऑफिसची नोट लिहिली. हाताने, टाइप न करता. मी शेजारी बसून वाचली. त्यात असं होतं, जसं आठवतं तसं लिहिते: 'आधी दिलेला नमुना माझ्या सख्ख्या बहिणीने पाठवला होता आणि तो निवडलेला होता. तो निवडलेला असेल हे मला सुचायला हवं होतं, सुचलं नाही. नातं मात्र मी जाणूनबुजून लपवलं. निवडून बाजूला काढलेला भाग सोबत जोडला आहे. दोन्ही एकत्र पाहावेत.' आणि खाली पूर्ण नाव आणि तुझंही नाव.

मी म्हटलं, पप्पा, प्रमोशनची लिस्ट येते आहे, थोडं रुका ना यार. ते म्हणाले, केंद्र ३१ तारखेला बंद होतं, लिस्टसाठी पाऊस थांबला होता का?

साहेबांनी आधी नोट परत घ्यायला सांगितली. पप्पांनी नाही घेतली. कागदावर आल्यामुळे त्यांना फाइल उघडावी लागली आणि पथक पाठवायची ऑर्डर निघाली. पण त्याच दिवशी पप्पांना मेमो मिळाला, नातं लपवल्याचा. लिस्टमध्ये त्यांचं नाव नाही. सेक्शन काढून घेतलं, आता ते जुन्या फाइलींच्या रेकॉर्डरूममध्ये बसतात, तळघरात. चौकशी चालू असताना तुझ्याशी पत्रव्यवहार दिसला असता तर पथकही रद्द झालं असतं. म्हणून त्यांनी तुला तसं रूखंसूखं लिहिलं. तुला खरं सांगितलं असतं तर तू नक्की कुणाला तरी फोन करून भांडली असतीस, असं ते म्हणाले. बिल्कुल बरोबर म्हणाले.

अजून एक गोष्ट. आमच्या खालच्या मॉलमध्ये ज्वारीच्या पिठाचं पाकीट मिळतं. जिमला जाणारे सगळे तेच घेतात. किंमत लिहीत नाही, तू चिडशील. पाकिटावर एका बाईचं चित्र आहे, हसते आहे आणि बांबूच्या पसरट वस्तूत दाणे उडवते आहे. मी ते पप्पांना दाखवून विचारलं, ही काय करते आहे? ते म्हणाले, पाखडते आहे. तो शब्द मला माहीतच नव्हता, आत्या. त्यांनी हातवारे करून दाखवलं. त्यानंतर मला त्या बोर्डिंगची गोष्ट सांगितली. आधी कधी सांगितली नव्हती.

ते पाकीट आता मी घेत नाही.

तुझी
श्रावस्ती

·

सावरखेडा
५ फेब्रुवारी २०११

चि. वाल्मीक,
आशीर्वाद आणि जय भीम.

श्रावस्तीचं पत्र मिळालं. सांगू नको म्हणाली होती, मी सांगते आहे. तिला रागावू नकोस. भांडले असते हे तू बरोबर ओळखलंस. पण त्या चार ओळींत 'थांब' एवढं एक तरी लिहायचं होतंस. मी तुला त्या कारकुनाहून वाईट म्हटलं. ते शब्द मला आता पत्रातून वेचून काढता येत नाहीत, तेव्हा तूच सोडून दे.

पथक २१ तारखेला आलं तेव्हा ते का आलं हे आम्हाला कुणालाच कळेना. दोन पुरुष आणि एक तरुण बाई. उरलेल्या पाच घरांतल्या प्रत्येक पोत्यात त्यांनी लोखंडी नळी खुपसली, वर, मध्ये, तळाशी. आम्ही बायका भिंतीला टेकून, हात पाठीमागे बांधून उभ्या. विठ्ठलच्या आईला राहवेना. ती पुढे झाली आणि म्हणाली, "बाई, येवढा काडीकचरा तं काढू द्या." मी तिच्याकडे असे डोळे वटारले की ती जागच्या जागी थांबली. आपल्या घरचं धान्य परक्या माणसासमोर तसंच्या तसं ओतलेलं बघणं फार अवघड गेलं रे. विठ्ठलची आई नंतर घरी जाऊन रडली.

शंभरात अठ्ठावन्न काळे निघाले. २८ तारखेला हुकूम आला, भाव कापून घ्या. २८ ते ३१, एवढे चारच दिवस, त्यातला रविवार गेला. पाच घरांची ज्वारी केंद्राने घेतली. त्याच ग्रेडरने घेतली, या वेळी मूठ पसरून न बघता. नऊ घरांची तर मुरलीधर आधीच घेऊन गेला होता. त्यांच्यासाठी कुणाकडे हुकूम नाही. ती दारूला गेली की त्या हसऱ्या बाईच्या पाकिटात, देव जाणे असं म्हणायची आपल्याला सोय नाही, पण कुणालातरी ठाऊक असणारच.

मला पाच घरांचा आनंद होत नाही असं नाही. पण चीड जात नाही. आयुष्यभर आम्ही आमचं धान्य चांगलं आहे हे दाखवत आलो, कारण ते न बघताच घाण म्हणायचे. आता पावसाने ते खरंच नासवलं, तर तेही आम्हीच दाखवायचं, नाहीतर ते म्हणणार नासलंच नाही. मग आम्ही करायचं काय? शहरात भाकरी पांढरी हवी, पाकिटावर बाई हसरी हवी, आणि पाऊस दसऱ्यानंतर पडला तर तो आमचा दोष. हे तुझ्या त्या परिषदेत कुणी पडद्यावर दाखवलं का?

तुझं प्रमोशन गेलं याचं मला वाईट वाटतं. हळहळ करून तुला लाजवणार नाही. तू त्या कागदावर माझं नाव लिहिलंस, एवढं मला पुरे.

आईचं बी मी कणगीत वेगळं ठेवलं आहे. सोयाबीन सगळे लावतील, मीही लावीन. पण विहिरीकडच्या एक एकरात ज्वारीच. पाऊस काय करायचं ते करो.

पोतं काल ट्रान्सपोर्टने पाठवलं. ते पाखडलेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. आठ दिवस हात नुसते शिवशिवत होते, सूप शेवटी शेजारी नेऊन ठेवलं. जसं केंद्राने घेतलं तसंच तुला दिलं आहे. कुमुदला म्हणावं, निवडायचं तर निवड, धुऊन चांगली वाळव.

तुझी
ताई

·

लक्ष्मीबाई नगर
२० फेब्रुवारी २०११

ताई,
जय भीम.

पोतं पोचलं. कुमुदने उघडलं आणि बघतच राहिली. तिने खडे आणि काड्या काढल्या, धुऊन दोन दिवस गच्चीवर वाळवली. काळे दाणे काढायला ताट घेऊन बसली होती, मी नको म्हटलं. भाकरी काळपट होते आणि किंचित कडवट लागते. श्रावस्ती रविवारी आली होती, तिने दोन खाल्ल्या. जाताना विचारत होती, सूप दिल्लीत कुठे मिळतं.

तू लिहिलेले शब्द मी केव्हाच सोडले. मी लिहिलेले तूही सोड. 'रचलेली गोष्ट' म्हणालो होतो, ते मला रेकॉर्डरूममध्ये रोज आठवतं. तिथे आठवायला वेळ भरपूर आहे.

नऊ घरांबद्दल मी नव्या सेक्शन ऑफिसरला लिहून दिलं आहे. तो वाचणार नाही. मी पुढच्या महिन्यात परत लिहून देईन.

काल जेवायच्या सुट्टीत साहेब कुठलीशी जुनी फाइल शोधत तळघरात आले. मी डबा उघडून बसलो होतो. समोर भाकरी. हातरुमाल होता टेबलावर, आधी सवयीने हात तिकडे गेला झाकायला. सातवीत होतो तेव्हापासूनची ती सवय, तुला माहीत नसेल. मग हात मागे घेतला. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "अरे वाल्मीकजी, रोटी जल गई क्या?"

मी म्हटलं, "जली नहीं सर. भीगी है. २४ अक्टूबर से २८ अक्टूबर तक." आणि डबा त्यांच्याकडे सरकवला.

त्यांनी घेतली नाही, फाइल घेऊन वर गेले. मी त्यांच्यासमोरच खायला सुरुवात केली होती, ते गेल्यावर पूर्ण केली. मान वर होती, ताई.

पुढच्या वर्षीही पोतं पाठव. पाखडू नकोस.

तुझा
वाल्मीक